गॅलरी आणि जिन्याला पीयूचा नक्षीदार कठडा: घ्यावा का, आणि बसवावा कसा?

काळी_माती (धागाकर्ता)
नमस्कार मंडळी. आर्वी तालुक्यात गावी घर बांधतो आहे. वरच्या मजल्याला समोर १२ फुटांची गॅलरी आहे, भिंतीपासून साडेतीन फूट बाहेर निघालेली, तोंड पश्चिमेला. जिना घरातूनच. स्लॅब पडून झाला, प्लास्टर चालू आहे, फरशी बाकी.

कठड्यावरून घरात तीन पक्ष पडलेत. मिस्त्री म्हणतो साच्यातले सिमेंटचे खांब लावू. बाबा म्हणतात लोखंडी जाळी, विषय संपला. बायकोनं नागपूरला एका दुकानात पॉलीयुरेथेनचा (पीयूचा) पांढरा नक्षीदार कठडा पाहिला आणि तिला तोच हवा आहे. दिसतो छान, खोटं कशाला बोलू. दुकानदार म्हणतो उधई लागत नाही, गंजत नाही, सडत नाही, एकदा बसवला की आयुष्यभर बघायला नको. १२ फुटांना १२ छोटे खांब असं कोटेशन दिलंय. जिन्यालाही तोच घ्या म्हणतो.

गावात कोणाकडे हा प्रकार नाही. वापरलेलं कोणी असेल तर सांगा.

वऱ्हाडी_बाप्पा
काहून बाप्पा, गावातल्या घराले एवढा थाट? आमच्या इकडं वानरायचा कळप येते. थे पीयू-बियू काही पाह्यत नाही. कठड्यावर उडी, कठड्यावरून टिनावर, टिनावरून चिंचेवर. बाबा बरोबर सांगून राह्यले, लोखंड लावा अन् मोकये व्हा.

पुलगाव_लोकल
पीयू म्हणजे ते पॉलिशच ना? आमच्या दरवाज्यांना मारलंय. चांगलं चकाकतं.

सागवान_सुतार
नाही भाऊ. तुम्ही म्हणता ते लाकडावर मारायचं पीयू पॉलिश. धागाकर्ते म्हणतात तो साच्यात ओतून फुगवलेला कडक फोम. रसायनाचं घराणं एकच, काम वेगळं.

स्लॅबवाला
सुतारदादांनी बरोबर सांगितलं. पॉलीयुरेथेन हे १९३७ साली जर्मनीत ऑटो बायर यांच्या प्रयोगशाळेत जन्मलेलं. दोन द्रव मिसळले की फुगतं आणि घट्ट होतं. फ्रिजच्या भिंतीत भरलेलं तेच, गादीतला मऊ फोम तेच, बुटाचा तळवाही बऱ्याचदा तेच. मिश्रण आणि घनता बदलली की मऊ-कडक ठरतं. नक्षीच्या खांबाला जास्त घनतेचा कडक प्रकार लागतो, वर गुळगुळीत साल आणि आत बारीक छिद्रं.

आता मुद्द्याचं. हा कठडा स्वतः काहीही पेलत नाही. पोळ्याला बैलाला झूल घालतो, पण गाडी ओढतो तो बैल. इथे बैल म्हणजे आतलं लोखंड. दुकानदाराला पहिला प्रश्न डिझाइनचा विचारू नका. मोठ्या (आधाराच्या) खांबात आणि वरच्या हँडरेलमध्ये कोणता पाइप आहे, किती जाडीचा, आणि तो स्लॅबला कसा धरणार, हे विचारा. उत्तर "पीयू फार मजबूत असतं साहेब" असं आलं तर चहा घेऊन निघा.

कठड्यावर आडवा जोर किती धरायचा हे आयएस ८७५ या भारतीय मानकाच्या भाग २ मध्ये दिलंय. खाजगी घराला मीटरमागे ०.३५ किलोन्यूटन, म्हणजे साधारण ३५ किलो. गर्दीच्या जागा सोडून इतर ठिकाणी ०.७५. पण आपल्या गावात वरात दारात आली की अर्धी आळी गॅलरीत चढते आणि कठड्यावर ओणवी होते, म्हणून मी घरालाही ०.७५ च धरतो. हिशोब करा: दर चार फुटांवर एक मोठा खांब, म्हणजे एका खांबाच्या वाट्याला सुमारे ९० किलो, तेही सव्वातीन फूट उंचीवर. खाली बेस प्लेटच्या (खांबाच्या तळाच्या लोखंडी पाटीच्या) पुढच्या-मागच्या बोल्टांत १० सेंटीमीटर अंतर असेल, तर आतल्या बाजूच्या दोन बोल्टांना मिळून ९०० किलोची उपसणारी ओढ बसते. एकेकाला साडेचारशे. प्लॅस्टिकचा गुल्ला ठोकून त्यात स्क्रू पिळणाऱ्याला हे सांगून बघा.

म्हणून मोठ्या खांबात किमान २ इंची चौकोनी पाइप, ३ मिलिमीटर जाडीचा. दीड इंची पातळ पाइप या हिशोबात पास होत नाही.

काळी_माती
बापरे. एवढा विचार दुकानदारानेही केला नसेल. स्लॅबला धरायचं कसं मग? गॅलरीचा स्लॅब टोकाला ४ इंचच आहे.

स्लॅबवाला
तिथेच खरी गोम आहे. बाहेर निघालेल्या गॅलरीच्या मुख्य सळया स्लॅबच्या वरच्या अंगाला असतात, खोलीच्या स्लॅबसारख्या खाली नाही. फिटर वरून हॅमर ड्रिल लावतो, सळई लागते, तो जोर लावून ती कापून मोकळा होतो. गॅलरी ज्या सळईवर लटकली आहे तीच गेली. ड्रिल खडखडलं की थांबायचं आणि बाजूला सरकायचं. बेस प्लेटला आधीच लांबट भोकं पाडून ठेवली की सरकायला जागा मिळते. तुमच्याकडे सळई बांधतानाचे फोटो असतील तर फार उत्तम, त्यावरून खुणा करून घ्या.

दुसरं म्हणजे फुगणारा अँकर फास्टनर स्लॅबच्या कडेजवळ ठोकला तर कडेचा तुकडाच उडतो. केमिकल अँकर (भोकात चिकट रसायन भरून बसवलेला बोल्ट) कडेला त्यापेक्षा बरा, पण त्यालाही खोली लागते आणि ४ इंचात ती मिळत नाही. तुमच्यासाठी सरळ उपाय: आरपार बोल्ट. वरून खाली भोक, स्लॅबच्या पोटाला लोखंडी प्लेट, खालून नट. खालचं प्लास्टर नंतर केलं की प्लेट झाकून जाते. फरशी व्हायच्या आधीच हे काम उरका, तुमची वेळ अगदी बरोबर आहे. अजून स्लॅब पडायचा आहे असं कोणी हा धागा वाचत असेल, तर ओतण्याआधीच स्लॅबमध्ये प्लेटा बसवून ठेवा, पुढचं सगळं वाचतं.

वेल्डिंगवाला_दादा
स्लॅबवाल्या साहेबांना +१. मी दारव्ह्याकडे ग्रिल-गेटची कामं करतो. दोन पीयूच्या कामांना आतला सांगाडा बनवून दिला होता. सांगाडा पूर्ण उभा करून, वेल्ड घासून, प्रायमर मारूनच पीयूवाल्याला बोलवा. एकदा ते खोळ घातली की आतलं वेल्ड कोणाला दिसत नाही, आणि पीयू जवळ असताना वेल्डिंगची ठिणगी पडली तर ते पेटतं. रेड ऑक्साइडवर भागवू नका, झिंकचं इपॉक्सी प्रायमर मारा. खोळीत पाणी शिरलं तर बाहेरून पांढराशुभ्र आणि आत गंज. आणि पाइपची वरची तोंडं बंद करा हो, पुष्कळ जण उघडीच ठेवतात.

खारपाण
आमचं दर्यापूरकडचं गाव, खारपाणपट्ट्यात. बोअरचं पाणी खारं. त्याच पाण्यात सिमेंट कालवलं की लोखंडाला गंज फार लवकर धरतो, साच्यातले सिमेंटचे खांब तर मधली सळई फुगून उभे तडकतात. गावात बऱ्याच घरांवर पोट फुटलेले खांब दिसतील. अशा ठिकाणी पीयूची खोळ मला पटते, फक्त आतला पाइप गॅल्व्हनाइज्ड (जस्ताचा मुलामा दिलेला) घ्यावा. आर्वीला हा प्रश्न नसावा.

स्लॅबवाला
सिमेंटच्या खांबांचा विषय निघालाच आहे तर वजनही बघा. दोन फुटांचा एक खांब ११-१२ किलो. असे १८ आणि वर काँक्रीटचा पट्टा, म्हणजे ३०० किलोच्या घरात, तेही गॅलरीच्या अगदी टोकाला, जिथे वजन सर्वात महाग पडतं. पीयू आतल्या लोखंडासकट त्याच्यापेक्षा पुष्कळ हलका पडतो. साडेतीन फूट निघालेल्या गॅलरीला हा फायदा खरा आहे. मिस्त्रीला सिमेंटचेच बसवायचे असतील तर स्लॅबच्या सळया कोणत्या वजनासाठी बांधल्या होत्या ते आधी विचारा.

काळी_माती
१८ कसे? दुकानदाराने १२ लिहिलेत.

स्लॅबवाला
हा माझा आवडता प्रश्न. असल्या खांबाला पोट असतं आणि मान असते. पोट ५ इंच, मान अडीच इंच धरू. दुकानदार पोटापाशी फट दाखवतो, ती बारीक दिसते. पोराचं डोकं शिरतं ते मानेपाशी. मानेपाशी फट ४ इंचांपेक्षा जास्त नको.

तुमची गॅलरी १२ फूट म्हणजे १४४ इंच. मोठे खांब ४, प्रत्येकी ६ इंच, म्हणजे २४ गेले. उरले १२०, तीन गाळे ४०-४० इंचांचे. प्रत्येक गाळ्यात ४ छोटे खांब घातले (दुकानदाराचे १२) तर मानेपाशी फट ६ इंच येते. रांगतं पोर आरामात निघतं. ६ घातले तर साडेतीन इंचांच्या आसपास. म्हणून १८. दुकानदाराचं कोटेशन स्वस्त का दिसत होतं ते कळलं?

उंची गॅलरीला साडेतीन फूट ठेवा, १ मीटरच्या खाली अजिबात नको. आणि ती फरशी झाल्यावरची. खाली वीत-दीड विताची पडदी बांधणार असाल तर पडदीच्या माथ्यापासून मोजा, कारण पोरं आधी पडदीवरच चढतात.

मेळघाट_पायथा
परतवाड्याला आमच्याकडे पीयूचा कठडा आहे, म्हणून लिहिते. गॅलरी उत्तरेला. दिसायला अजून नव्यासारखा. मला सर्वात आवडलेली गोष्ट कोणी लिहिली नाही: मे महिन्यात हात भाजत नाही. आधी भाड्याच्या घरी स्टीलचा कठडा होता, दुपारी पोरांना हात लावू देत नव्हते. पीयू तापतो पण चटका देत नाही.

पण "रंग लागत नाही" हे खोटं. आमच्या बाजूच्याने खाली पोर्चच्या दक्षिण अंगाला लावलेले खांब कंपनीच्या प्रायमरवरच ठेवले. पिवळे पडले, आता हात फिरवला की भुकटी लागते.

स्लॅबवाला
ताई, अगदी बरोबर. उन्हातली अतिनील किरणं उघड्या पीयूला पिवळं करतात आणि वरचा थर भुकटी होऊन झडतो. हा मालाचा दोष नाही, त्या रसायनाचा स्वभाव आहे. कारखान्यातून येतो तो प्रायमर, रंग नव्हे. बसवल्यावर लगेच बाहेरच्या भिंतीचा चांगला ॲक्रिलिक इमल्शन, दोन हात. ऑइलपेंट नको, तो उन्हात कडक होऊन तडकतो.

पश्चिमेच्या गॅलरीला रंग फिकाच ठेवा. कॅटलॉगमधला सागवानी चॉकलेटी रंग आपल्या ४५ अंशांच्या उन्हात इतका तापतो की खोळ वाकू शकते, सालीला फोड येऊ शकतात.

सांध्यांचंही याच्यातच आलं. पीयू तापमानाने काँक्रीटच्या साधारण पाचपट पसरतो-आखडतो. जानेवारीची १० अंशांची पहाट आणि मे महिन्यात तापून ६० अंशांवर गेलेला पृष्ठभाग, एवढ्या फरकात १२ फुटांचं हँडरेल सेंटीमीटरभर हलतं. म्हणून अखंड चिकटवायचं नाही. प्रत्येक मोठ्या खांबापाशी ३-४ मिलिमीटर फट सोडायची आणि त्यात पीयू सीलंट भरायचं, जे रबरासारखं ताणतं. फिटर तिथे पुट्टी भरतो, कारण पुट्टी घासली की सांधा दिसत नाही आणि पैसे घेऊन तो मोकळा. पहिल्याच उन्हाळ्यात तडा दिसतो.

वऱ्हाडी_बाप्पा
वानरायचं उत्तर कोणी देल्लं नाही राजेहो!

वेल्डिंगवाला_दादा
बाप्पा, वानर बसल्यानं सांगाडा हलत नाही. पण दात-नख लागून साल खरवडते, आणि मोठा नर धावत येऊन आदळला तर छोटा खांब सांध्यातून निसटतो. छोट्या खांबातसुद्धा आत १०-१२ मिलिमीटरचा रॉड वर-खाली दोन्हीकडे पकडलेला पाहिजे. नुसता डिंकावर उभा केलेला नको. खरवडलेली जागा लगेच भरून रंगवा, नाही तर ऊन तिथूनच खातं.

पुलगाव_लोकल
मला एक मित्र सांगत होता की बाजारात थर्माकोलचे पण येतात पीयू म्हणून.

सागवान_सुतार
येतात. थर्माकोलवर सिमेंट-पॉलिमरचा पातळ लेप. भिंतीला शोभेची पट्टी म्हणून चालेल, कठड्याला नाही. कापलेला नमुना मागा. साबुदाण्यासारखे दाणे दिसले की थर्माकोल. तुकड्यावर थिनरचे दोन थेंब टाका, उघड्यावर, बिडी-काडी लांब ठेवून. थर्माकोल तिथल्या तिथे खचतो, कडक पीयू तसा विरघळत नाही. नखानं दाबून बघा, साल दबली तर तो छताच्या नक्षीचा हलका माल, तोही कठड्याचा नाही.

आणि उधईबद्दल: ती पीयू खात नाही हे खरं. पण फोम पोखरून वाट काढू शकते, पलीकडे लाकूड असेल तर.

आता माझ्या पोटावर पाय येतो म्हणून नाही, पण जिन्याला पीयू का घेता? आपण सागवानाच्या मुलखात राहतो. आलापल्ली-बल्लारशाचा सागवान २०२३ मध्ये अयोध्येच्या राममंदिराला गेला, आणि आपण घरात फोम लावायचा? घरातल्या जिन्याला ऊन नाही, पाऊस नाही. सागवानी हँडरेल, खाली लोखंडी चौकोनी सळ्या, वरून पॉलिश. हात रोज त्यावरूनच फिरणार. लाकडाची पावती आणि वाहतूक परवाना तेवढा मागून घ्या.

वणीची_लेक
पांढऱ्या रंगावर एक: आमच्याकडे कोळशाची धूळ. नक्षी जितकी खोल तितकी ती खाचांत बसते. नळी लावून धुता येतं, पण कोपऱ्यांना ब्रशच लागतो. आम्ही मलई रंग दिला आणि साधे डिझाइन घेतले. फुलं-पानं-द्राक्षं असलेले खांब कॅटलॉगातच शोभतात.

बोरीचा_कापूसवाला
धागा पूर्ण वाचला. आगीबद्दल वेल्डिंगवाल्या दादांशिवाय कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. पीयू पेटतो आणि धूर विषारी, त्यात कार्बन मोनॉक्साइडसोबत हायड्रोजन सायनाइडही असतो. उघड्या गॅलरीत धूर निघून जातो. घरातल्या जिन्यात तोच धूर वर चढतो आणि उतरायची वाट तीच एक.

आपल्याकडे अजून भाव येईपर्यंत कापूस घरातच भरून ठेवतात, बहुतेक जिन्याखाली किंवा बाजूच्या खोलीत. कापूस, त्याला लागून फोमचा कठडा, आणि लग्नसराईत जिन्याला गुंडाळलेली स्वस्त लायटिंगची माळ. मला तरी ही जोडणी नको वाटते. जिन्यासाठी सुतारदादांना माझं मत. लाकूडही जळतं, पण फोमइतकं झपाट्याने नाही.

दिवाळीत पणत्या कठड्यावर ओळीने ठेवायची सवय असते. पीयूवर थेट ठेवू नका, खाली फरशीचा तुकडा ठेवा किंवा पडदीवर मांडा.

मेळघाट_पायथा
पणत्यांचं आमच्याकडे झालंय. काळा डाग पडून साल करपली. आता ताटात ठेवते.

काळी_माती
सगळ्यांचे आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. घरी वाचून दाखवलं. जिन्याला सागवान हे बाबांना आणि बायकोला दोघांनाही पटलं, हे या घरात पहिल्यांदाच घडलं असेल. गॅलरीला पीयूच, पण १८ खांब, साधं डिझाइन, मलई रंग. सांगाडा इकडच्याच वेल्डरकडून करून घेतो, आरपार बोल्ट फरशीच्या आधी. दुकानदाराला फोन केला तर म्हणतो आम्ही आतलं लोखंड देत नाही, "तुमचं तुम्ही बघा".

दोन शंका. भाव रनिंग फुटावर (लांबीच्या दर फुटाला) सांगतो, त्यात काय काय धरलेलं असतं? आणि माप आत्ता देऊ की फरशीनंतर?

वेल्डिंगवाला_दादा
रनिंग फुटात बहुतेक वेळा नुसती खोळ असते. चिकटवायचं, सीलंट, रंग, गाडीभाडं, फिटरचं राहणं-जेवण सगळं वेगळं लावतात. प्रत्येक गोष्ट कागदावर लिहून घ्या. वाटेत तुटलेल्या नगाचं काय, हेही. शिवाय दोन खांब जास्तीचे आत्ताच घेऊन ठेवा, साचा बंद झाला तर तोच नमुना परत मिळत नाही.

माप सांगाडा उभा झाल्यावर आणि फरशी बसल्यावर. गॅलरीची फरशी बाहेरच्या बाजूला थोडी उतरती असणार, म्हणून दोन्ही टोकांची उंची वेगवेगळी मोजून घ्या. पाण्याला वाट ठेवा, खालची पट्टी फरशीला टेकवू नका, दीड-दोन इंच वर. पीयू साध्या करवतीनं कापतो, गावातला सुतारही फिटिंग करू शकतो. कापताना तोंडाला फडकं नाही, चांगला मास्क लावा, आणि उरलेले तुकडे चुलीत घालू देऊ नका कोणाला.

सागवान_सुतार
जिन्याच्या हँडरेलचं मापही ग्रॅनाइट-कोटा बसल्यावरच. आपल्याकडच्या जिन्याची प्रत्येक पायरी सारखी नसते. पहिली आणि शेवटची तर हमखास वेगळी. मी प्रत्येक पायरीच्या कडेवरून दोरी ताणून उतार काढतो, नकाशावरून नाही. पायरीच्या नाकापासून तीन फूट उंची धरा, आणि घरात म्हातारं माणूस असेल तर भिंतीच्या बाजूलाही एक साधा दांडा लावून द्या.

वऱ्हाडी_बाप्पा
मंग काय, वास्तूले बलवा सगळ्यायले. पन गॅलरीत एका टायमाले धा जनाच्या वर चढू देऊ नका.